मालिम्बोचा कोरडा पूल

मालिम्बो गावात पूल होता आणि नदी नव्हती.

म्हणजे अगदीच नव्हती असं नाही. पूल बांधला तेव्हा नदी त्याच्या बरोब्बर खालून वाहायची, ठरल्याप्रमाणं. मग एका पावसाळ्यात मोठा पूर आला, नदीनं वरच्या वळणावर कूस बदलली आणि ती कापितान तेलेस्फोरो दिमायुगांच्या घराच्या अलीकडून, म्हणजे घर आणि गावचौक यांच्या मधून वाहू लागली. घराच्या पलीकडचा पूल जागच्या जागी राहिला. त्याच्या दोन्ही दगडी कमानींखाली शेळ्या रवंथ करीत बसू लागल्या. शेजारच्या सान एसेक्येल गावची माणसं बाजाराला येताना मुद्दाम पुलाखालून येत, आणि कोरड्या वाळूत उतरताना विजारी गुडघ्यापर्यंत वर ओढून घेत.

ही थट्टा कापितानांना फार लागायची, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या बायकोला, कापिताना बासिलिसांना. पूल नवऱ्याच्या कारकिर्दीतला असला तरी त्याची अंडी बासिलिसांच्या हाताखालून गेली होती. चुन्यात अंड्यातलं पांढरं कालवल्याशिवाय दगड दगडाला धरत नाही, असं तेव्हाच्या पाद्रीबाबांचं म्हणणं होतं. घराघरातून टोपल्या यायच्या, बासिलिसा अंडी फोडायच्या, पांढरं पुलाकडं जायचं आणि पिवळं मागं उरायचं. टाकायचं कसं? म्हणून म्हशीचं दूध आणि साखर घालून त्या बलकाच्या गोड वड्या थापायच्या आणि गावात वाटायच्या. पहिला महिना गावानं त्यांना दुवा दिला. सहाव्या महिन्यात त्या ताटली घेऊन येताना दिसल्या, की लोक दार लावून घेऊ लागले. पूल पुरा झाल्यावर मालिम्बोत पुन्हा कुणी बलकाच्या वडीचं नाव काढलं नाही.

तेलेस्फोरोंना सगळे कापितान म्हणत. पदवी स्पॅनिश अमदानीतली, गावच्या प्रमुखाची. स्पॅनिश लोक गेले, मग आपलं राज्य आलं, ते धड बसायच्या आत अमेरिकन आले; पण गावच्या कचेरीतल्या खुर्चीवर प्रत्येक वेळी तेलेस्फोरोच. मागच्या भिंतीवरची तसबीर तेवढी बदलली. बासिलिसा म्हणायच्या, "राजे आले नि गेले. टिकला तो तसबिरीचा खिळा आणि आमचा कापितान. दोघांनाही सगळ्यांनी ठोकलं, जागचं कुणी हलवलं नाही."

पण हा माणूस खुर्चीत बसून राहणारा नव्हता. मालिम्बोत घरं बांबूची, नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेली, खांबांवर उभी. जावयाचं सासऱ्याशी पटेनासं झालं, की गाव घराखाली बांबू घालायचं, घर खांद्यावर उचलायचं आणि सासऱ्याचा आवाज पोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवायचं. अशा प्रत्येक वेळी पुढचा डावा बांबू कापितानांचा. तिथं वजन जास्त पडतं म्हणून. गावातलं एकही घर असं नव्हतं, जे कधी ना कधी त्यांच्या खांद्यावरून गेलं नव्हतं. एक म्हातारी तर घराबरोबर स्वतःही गेली होती; उतरायला तिनं साफ नकार दिला आणि खिडकीत बसून रस्ताभर त्यांना सूचना केल्या.

रिवाज एकच होता. ज्याचं घर हलवायचं त्यानं स्वतः दारोदार जाऊन म्हणायचं, "उद्या मला तुमचे खांदे लागतील." मग पहाटे अंगणात काहील चढवायची आणि आलेल्यांना पोटभर जेवू घालायचं. कापितानांवर हे म्हणायची वेळ कधी आली नव्हती. त्यांचं घर खाली दगडी, वर मोहगनीचं, शिंपल्याच्या खिडक्यांचं. ते कोण हलवणार?

मनिलाला आपल्या लोकांची विधानसभा भरू लागली, तेव्हा साठी ओलांडलेल्या कापितानांनी जाहीर केलं की मी उभा राहणार.

"आता कशाला?" बासिलिसांनी विचारलं. "गुडघे धड वळत नाहीत तुमचे. तिथं जिने असतील."

"इसाय," बायकोला घरातल्या नावानं हाक मारत कापितान म्हणाले, "उभा जन्म मी दुसऱ्यांचे हुकूम चौकात उभा राहून वाचून दाखवले. स्पॅनिशांचे वाचले, आपल्यांचे वाचले, आता अमेरिकनांचे वाचतो. एकदा तरी जिथं कायदा होतो तिथं बसून मला हात वर करायचाय. मग जिन्यावरून पडलो तरी चालेल."

बासिलिसांनी त्यांचा अननसाच्या धाग्याचा पांढरा सदरा पेटीतून काढला आणि उन्हात टाकला. याचा अर्थ निवडणूक सुरू झाली.

उमेदवारी अर्जाची मुदत संपत आली असताना मोजणी अधिकारी आला. मिस्टर हॉचकिस हा उंच, किडकिडीत अमेरिकन. त्याची मोजणीची तिपाई आणि तो लांबून वेगळे ओळखू येत नसत. प्रतिस्पर्धी उमेदवार डॉन सिन्फोरोसोंनी हरकत घेतली होती. जुन्या कागदात मालिम्बो आणि सान एसेक्येल यांची हद्द 'नदी' अशी लिहिली होती. कुठली नदी, कधीची नदी, हे कागदानं सांगितलं नव्हतं. हॉचकिसनं नदी पाहिली, घर पाहिलं, आणि टोपी काढून फार अदबीनं सांगितलं की कापितान सान एसेक्येलला राहतात.

"मी इथं जन्मलो," कापितान म्हणाले.

"जन्मलात तेव्हा मालिम्बोतच होतात," हॉचकिस म्हणाला. "पण पाणी जिथं, हद्द तिथं. मी शुक्रवारी परत येईन आणि नकाशावर शाई फिरवीन. माझ्या हातात काही नाही."

सान एसेक्येल दुसऱ्या मतदारसंघात. म्हणजे कापितान मालिम्बोचे प्रमुख, पण मालिम्बोचे रहिवासी नव्हेत. इथून उभं राहायचा त्यांना हक्क नाही, आणि तिथं त्यांना मत देणारं कुत्रं नाही.

दुसऱ्या दिवशी सान एसेक्येलचा बँड वाजत गाजत दारात आला. पुढं बँडमास्तर, मागं एक डुकराचं पिल्लू, गळ्यात फुलांची माळ घातलेलं.

"नव्या गावकऱ्याचं स्वागत!" बँडमास्तर गंभीरपणे म्हणाला. "आमच्याकडं पद्धत आहे, कापितान. नवीन बिऱ्हाड आलं की पिल्लू द्यायचं. गटारं साफ करायची पाळी मंगळवारी असते, तेवढं लक्षात ठेवा."

बासिलिसांनी खिडकीतून डोकं काढलं. "पिल्लू ठेवा आणि चालू पडा! वाजवायचंच असेल तर सुरात वाजवा. शेळ्यांचं दूध नासेल."

"कापिताना, तुम्ही रागावलात की आमच्या गावच्या वाटता हो!"

त्यांनी धून वाजवली, पुलाखालून विजारी वर करून निघून गेले. कापितान ओसरीवर चांदीच्या मुठीची काठी गुडघ्यांत धरून बसून राहिले.

दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, बासिलिसा त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"गावाला सांगा. काहीतरी मार्ग काढतील."

"नाही."

"का नाही? ज्यांची घरं वाहिलीत त्यांनाच तर सांगायचंय."

कापितानांनी काठी पुलाकडं रोखली. "तो बघ. तो बांधताना रोज पहाटे मी ढोल वाजवला. फुकटची वेठ, वर पाद्रीबाबांचा हुकूम, आणि उभा कोण? मी, हीच काठी घेऊन. कुलास सुताराच्या बापाच्या पायावर दगड पडला, दोन बोटं गेली, आणि मी त्याला म्हटलं, बाजूला बस, काम थांबायला नको. त्या दिवशी ठरवलं, स्वतःसाठी या गावातल्या कुणालाही पुन्हा फावडं उचलायला सांगणार नाही. दुसऱ्यासाठी हजारदा सांगेन. माझ्यासाठी नाही."

"वेठ वेगळी आणि मागणं वेगळं, तेलेस."

बासिलिसा त्या नावानं हाक मारत, तेव्हा एक तर फार प्रेम असे नाहीतर फार राग. आत्ता दोन्ही होतं.

"ऐकणाऱ्याला वेगळं वाटतं का?" कापितान म्हणाले. "समोर काठीवाला तोच असला, की कानाला सारखंच ऐकू येतं." आणि ते उठून आत गेले.

बासिलिसांनी थोडा वेळ डुकराच्या पिल्लाकडं पाहिलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि लग्नानंतर दोनदाच वापरलेली मोठी काहील घासायला काढली.

पहाटे कापितानांना जाग आली ती आल्याच्या वासानं. खिडकीतून पाहिलं तर अंगणात चूल धडधडत होती, काहिलीत आलं घातलेला भात रटरटत होता, बाजूच्या हंड्यात बैलाच्या नळ्या उकळत होत्या, आणि सान एसेक्येलचं पिल्लू सळईवर फिरत होतं. मेल्यावर ते मालिम्बोच्या बाजूला आलं होतं. नदीवर टाकलेल्या फळकुटावरून, रांग लावून, सगळं गाव येत होतं. प्रत्येक दोघांच्या खांद्यावर एक लांब बांबू.

अंगणात काहील चढली म्हणजे घर हलवायचं. मालिम्बोत याला दुसरा अर्थ नव्हता, आणि कुणी दुसरा काढलाही नाही. बासिलिसांना वाटलं होतं, लोक जमतील, बसतील, चर्चा होईल. लोक आले ते थेट घराखाली वाकून, बांबू कुठून घालावा ते पाहू लागले.

सगळ्यांच्या पुढं ताता कुलास, गावचा सुतार. घर वाहताना गाण्याची चाल सांगायचं काम त्याचं. त्यानं घराभोवती एक फेरी मारली. दगडी भिंतीवर थाप मारली. मोहगनीच्या खांबाला कान लावला.

"जड आहे," तो म्हणाला.

"जड आहे म्हणजे?" आलिंग सेपा, भाजीवाली, कमरेवर हात ठेवून म्हणाली. "उचलणार की नाही? मी टोमॅटो सोडून आलेय."

"उचलू की. वरचा मजला सुटा केला, खालचा दगड दगड करून नेला, तर जमेल. मध्ये एखादा पावसाळा जाईल."

"नकाशावर परवा शाई पडणार आहे, मूर्खा."

"मग पियानो तरी नेऊ. पियानो मालिम्बोत राहत असला तर कापितान राहतात असं धरतील का?"

यावर खरोखरच चर्चा सुरू झाली. एकाचं मत पडलं की माणूस झोपतो तिथला, म्हणून पलंग न्यावा. दुसरा म्हणाला, जेवतो तिथला, चूल न्यावी. न्हाव्यानं सुचवलं की कापितानांना खुर्चीसकट उचलून चौकात ठेवावं आणि निवडणुकीपर्यंत उतरू देऊ नये. तोवर चौघांनी उत्साहाच्या भरात कोंबड्यांचं खुराडं उचलून नदीपलीकडं नेलंसुद्धा. कापितानांच्या कोंबड्या तेवढ्या कायदेशीररीत्या मालिम्बोच्या झाल्या.

बासिलिसांच्या हातात भाताचा डाव होता. त्यांचं डोकं तापलं. "अरे, घर हलत नाही तर नदी हलवा!" त्या ओरडल्या. "तिला काय दगडी भिंती आहेत?"

सगळे हसले. मग हसणं एका बाजूनं कमी होत गेलं. ताता कुलास वळून नदीकडं पाहू लागला. आगोटीला अजून अवकाश होता, पाणी पोटरीएवढं. वरच्या वळणावर जुन्या पात्राच्या तोंडाशी पुरानं टाकलेला गाळाचा बांध, त्यावर वाढलेलं गवत. तेवढा फोडला, आणि नव्या पात्राचं तोंड दगड-बांबूनं बुजवलं तर?

"नदी घरापेक्षा हलकी आहे," तो हळूच म्हणाला.

एवढ्यात कापितान जिन्यावर आले. सदरा घातलेला, हातात काठी. बासिलिसांनी डाव काहिलीत उभा केला आणि नवऱ्याकडं पाहिलंच नाही.

"ही काहील मी चढवलेली नाही," कापितान म्हणाले.

"ते कळलं," ताता कुलास म्हणाला. "तुम्ही चढवली असती तर भात करपला असता. काहील आम्ही पाहिली, कापितान. शब्द नाही ऐकला. शब्दाशिवाय बांबू कसा घालायचा? रिवाज तुम्हीच आम्हाला शिकवला."

कापितान एक पायरी उतरले. ज्या माणसानं चौकात तीन राज्यांचे हुकूम खणखणीत आवाजात वाचले, त्याच्या घशात पाच शब्द अडकले. बासिलिसांना वाटलं, आता हा वळणार आणि आत जाणार, आणि मग आयुष्यभर ओसरीवर बसून राहणार.

कापितानांनी काठी जिन्याला टेकवून ठेवली. तिच्याशिवाय उरलेल्या पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. कुणी हात द्यायला पुढं झालं नाही; द्यायचा नसतो एवढं गावाला कळत होतं.

"कुलास," ते म्हणाले, "तुझ्या बापाला त्या दिवशी मी..."

"बाबांची दोन बोटं त्या पुलाच्या पायात आहेत," ताता कुलास म्हणाला. "ते सांगायचे, पूल माझा आहे, मी त्यात राहतो. मरेपर्यंत एकच तक्रार होती त्यांची, की बोटं कोरड्यात पडलीत. शब्द बोला, कापितान. भात निवतोय."

कापितानांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आज," ते म्हणाले, "मला तुमचे खांदे लागतील."

एवढंच. पण आलिंग सेपानं नाक ओढलं आणि कांद्याला शिव्या दिल्या. कांदा कुठंच नव्हता.

मग मालिम्बो जेवलं, आणि जेवल्यावर नदी उचलायला गेलं.

आणलेले बांबू नव्या पात्राच्या तोंडाशी ओळीनं ठोकले, त्यांत झावळ्या गुंफल्या, वर दगड आणि चिखल. दुसरीकडं गाळाचा बांध फोडायला फावडी. ताता कुलास घर वाहताना म्हणायचा तीच चाल म्हणत होता, त्याला दुसरी येत नव्हती, त्यामुळं दर चौथ्या ओळीला सगळे सवयीनं "उंबरा सांभाळा!" ओरडत. मातीच्या टोपल्यांची रांग लागली, आणि रांगेत पुढं डाव्या हाताला, चिखलानं भरलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, कापितान. जागा तीच, जिथं वजन जास्त पडतं. कुणी तरी म्हणालं, "कापितान, तुम्ही बसा." सगळ्या रांगेनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो माणूस पुढं दिवसभर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा बांध पाझरू लागला. चुना हवा. आणि चुना म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम बासिलिसांकडं पाहिलं.

"नाही," बासिलिसा म्हणाल्या. "पुन्हा नाही."

तासाभरात अंड्यांच्या टोपल्या येऊन पडल्या. पाद्रीबाबांचं म्हणणं खरं होतं की खोटं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण चुना धरला.

गुरुवारी उन्हं कलताना शेवटचं गवताचं ढेकूळ निघालं. पाणी आधी थांबलं, विचार केल्यासारखं. मग जुन्या पात्रात शिरलं, वाळूवरून जीभ फिरवत निघालं, शेळ्या ओरडत काठावर चढल्या, आणि पाणी कमानीखाली गेलं. गावातली पोरं पुलाखाली पाणी पहिल्यांदाच पाहत होती. त्यांना आजवर वाटायचं पूल म्हणजे शेळ्यांचं घर. ताता कुलास पाण्यात उतरला, पुलाच्या पायाच्या एका दगडावर हात ठेवून उभा राहिला आणि बराच वेळ वर आला नाही. त्याला कुणी बोलावलंही नाही.

शुक्रवारी हॉचकिस आला. बरोबर डॉन सिन्फोरोसो, घोडागाडीतून, शाई सुकताना पाहायला. मागं सान एसेक्येलचा बँड, निरोपाची धून तयार करून. ते सवयीनं पुलाखालून निघाले. विजारी सवयीनं वर होत्या, म्हणून तेवढ्या वाचल्या.

हॉचकिसनं नदी पाहिली. नकाशा पाहिला. पुन्हा नदी पाहिली.

"ही इथं नव्हती," तो म्हणाला.

"त्या पुराच्या वेळी तिनं मला विचारून जागा बदलली नव्हती," कापितान म्हणाले. "तेव्हा कुणी हरकत घेतली नाही."

"हा कट आहे!" डॉन सिन्फोरोसो गाडीतून ओरडले. "या माणसानं गावाला वेठीला धरलंय! हुकूम कुणी दिला ते विचारा!"

हॉचकिसनं गावाकडं पाहिलं. चिखलानं माखलेले चेहरे, सोललेले तळवे. "हुकूम कुणी दिला?" त्यानं विचारलं.

कापितान पुढं झाले. काठी घरीच राहिली होती.

"हुकूम कुणीच दिला नाही," ते म्हणाले. "मी मागितलं. यांनी दिलं."

बासिलिसा पुलाच्या कठड्याशी उभ्या होत्या. हे वाक्य ऐकताना त्यांनी खांद्यावरचा पदरासारखा रुमाल उगाचच नीट केला, आणि शेजारच्या आलिंग सेपाला म्हणाल्या, "माझा नवरा." जणू तिला ठाऊक नव्हतं.

हॉचकिसनं दौत उघडली. "पाणी जिथं, हद्द तिथं," तो स्वतःशीच म्हणाला, आणि पुलावरच नकाशा पसरून रेघ ओढली. मग त्यानं कठड्याचा दगड बोटानं ठोकून पाहिला. "चांगला पूल आहे. कशानं बांधलाय?"

"अंड्यांनी," सगळं गाव म्हणालं.

त्यानं ते लिहून घेतलं नाही.

डॉन सिन्फोरोसोंना परत जायला पुलावरूनच जावं लागलं. बँडमास्तरानं डुकराच्या पिल्लाची चौकशी केली. त्याला एक हाड देण्यात आलं.

त्या संध्याकाळी बासिलिसा ताटली घेऊन दारोदार गेल्या. बलक उरले होते, टाकायचे कसे? या वेळी कुणी दार लावलं नाही. ताता कुलासनं वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चघळत राहिला.

"कशी झालीय?" बासिलिसांनी विचारलं.

"भयंकर," तो म्हणाला. "अगदी तशीच. आणखी एक द्या."

कापितान निवडून आले. मनिलाला निघेपर्यंत ते रोज कचेरीत जाताना घरासमोरच्या कोरड्या खड्ड्यावरचं फळकूट ओलांडून जात, तोल सांभाळत, जपून. खाली टिपूसही नव्हतं. खुराडं परत आणायचं राहून गेल्यानं कोंबड्या होत्या. कुणी हसलं नाही. उलट त्यांच्यामागून जाणारा प्रत्येक माणूसही फळकुटावरूनच गेला, आणि पाय भिजू नयेत म्हणून विजार जराशी वर धरून.